नळी खाली धर

“नळी खाली धर! बाळग्या, मेल्या, नळी खाली धर!”

आक्का ओरडली आणि समोरून येणारा टपालवाला सायकल सोडून दगडी गडग्यापलीकडे गेला. उडी मारली म्हणणं कमी पडेल, तो उडाला. सायकल थोडी पुढे एकटीच चालत गेली आणि वाटेवरच्या फणसाला टेकून उभी राहिली. पत्रं मात्र बराच वेळ खाली येईनात. त्यातलं एक पाकीट फणसावर अडकलं, ते पुढच्या पावसाळ्यात पडलं, आणि आतल्या पत्रिकेतल्या लग्नाला तोवर मूल झालं होतं असं आमच्या वाडीत सांगतात. निदान मी तरी सांगतो.

टपालवाला गडग्याआडून डोकं वर न काढता विचारीत होता, “गेलो मां? बार गेलो मां?”

बार कुठून जाणार? माझ्या हातात माडाच्या झावळीचा वाळका दांडा होता. तो मी खांद्यावर आडवा टाकला होता आणि वळताना त्याचं टोक त्या गरिबाच्या पोटाच्या दिशेला आलं, एवढाच माझा गुन्हा. आक्काने माझं मनगट धरून ते टोक जमिनीकडे वळवलं आणि मग गडग्याशी जाऊन शांतपणे म्हणाली, “तुमका नाय वरडलंय. हेका वरडलंय.”

“गो चेडवा, पण ता लाकूड मरे.”

“आज लाकूड आसा,” आक्का म्हणाली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्यामधली भावंडं देवाने परत नेली होती, त्यामुळे ती जवळजवळ माझ्या आईच्याच वयाची वाटायची. उंच इतकी की दारातून आत येताना वाकायची आणि बाहेर गेल्यावर सरळ व्हायला विसरायची. तिची एक खोड अख्ख्या गावाला ठाऊक होती. ती कोणाकडे बोट दाखवत नसे. वाटेवरून कोण चाललंय ते सांगायचं तर हनुवटी उडवायची. पळी, विळा, लाटणं, काहीही हातात असलं की त्याचं टोक खाली. पावसात छत्री मिटली की ती इतकी सरळ खाली धरायची की सगळं पाणी तिच्याच पावलावर. देवापुढे उदबत्ती ओवाळतानासुद्धा तिचं जळतं टोक देवाच्या अंगावरून जात नसे. आई वैतागून म्हणायची, “देवाक काय बार लागतलो?” आक्का म्हणायची, “सवय मोडली तर माणसाक लागतलो.”

ही सवय तिला आजोंनी लावली. आमच्या घरी ठासणीची एक बंदूक होती. शेताची राखण करण्यासाठी रत्नागिरीहून परवाना मिळालेली, एका नळीची, माझ्याहून उंच आणि आजोंहून म्हातारी. तिचा बार निघाला की खाडीपलीकडे देवबागेत लोक दारं लावून घेत आणि समुद्रातले मासे तळाशी जाऊन बसत. आजोंच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. तरुणपणी एकदा बार भरून ठेवलेला ते विसरले आणि त्यावर दुसरा भरला. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू घालायची, वर चिंध्या, मग छर्रे, आणि लोखंडी गजाने सगळं ठासायचं. एकदा आत गेलं की पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. आजोंना ते दिसलं तेव्हा बोटं उरली नव्हती.

आमच्या घरातले बापये सगळे मुंबईला. बाबा गोदीत, काका गोदीत, चुलतकाका गोदीच्या दाराशी उभे, कधी आत घेतील या आशेवर. गावातल्या घरात पुरुष म्हणजे आजो, मी आणि कोंबडा, त्यात मी पाळण्यात. डोंगरातून रानडुकरं उतरायची ती काय पाळण्याकडे बघून परत जाणार? आजोंचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी आक्काला बंदूक शिकवली. पुढे आजो गेले, परवाना बाबांच्या नावावर झाला. म्हणजे कागदावर बाबा आणि शेतात आक्का. पोलीस पाटलाला हे ठाऊक होतं, पण डुकरं त्याच्याही शेतात यायची.

मी शाळेत वरच्या वर्गात गेलो तेव्हा आक्काने मला शिकवायला घेतलं. मला वाटलं, आता बंदूक हातात येणार. मी वर्गातल्या पोरांना आधीच सांगून टाकलं होतं की पुढच्या अमावास्येपर्यंत मी वाघ मारणार आहे. वाघ आमच्याकडे नव्हते, पण मी मारायचं ठरवल्यावर कुठूनतरी आले असते. आक्काने माडाखालचा एक दांडा उचलला, कोयत्याने तासला आणि माझ्या हातात दिला. “ही तुझी बंदूक. वर्षभर ही.” मी म्हटलं, “आणि वर्षानंतर?” ती म्हणाली, “वर्षभर एकदासुद्धा नळी माणसावर इली नाय, तर बघूया. इली, तर तितसून नवीन वर्ष.” त्या बोलीने माझी इतकी नवीन वर्षं सुरू झाली की आज साठी ओलांडूनही मला ती मोजता येत नाहीत.

त्या दांड्याने माझी जी शोभा झाली ती कोणाच्या वैऱ्याचीही न होवो. शेतात, डोंगरात, दुकानावर जाताना तो माझ्या हातात असलाच पाहिजे. कुंपण ओलांडायचं तर आधी दांडा पलीकडे आडवा निजवायचा, तोंड बाहेरच्या बाजूला, मग आपण. दुसऱ्याच्या हातात द्यायचा तर नळी जमिनीकडे. जिथे चाप असायला हवा तिथे तिने कोयत्याने खूण केली होती. त्या खुणेजवळ माझं बोट दिसलं की टपली. वाडीतली पोरं गडग्यावर रांगेत बसून हे बघत. मी आलो की सगळी दोन्ही हात वर करायची. म्हातारी दुकानदारीणसुद्धा मला गूळ देताना हात वर करून विचारायची, “काय रे बाळग्या, आज कोणाक मारतलंस?” मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी दांडा टाकायची छाती नव्हती, कारण आक्का कुठून बघत असेल ते सांगता येत नसे. तिचे डोळे डुक्करसुद्धा ओळखून होते.

जेवताना ती पाढे म्हणून घ्यावे तसं विचारायची.

“बंदूक कशी आसता?”

“भरलेली.”

“आणि रिकामी आसली तर?”

“तरी भरलेली.”

“आता गज आत सोडललंय, टण् करून वाजलो. मगे?”

गज टण् वाजला म्हणजे तो लोखंडाच्या तळापर्यंत गेला, म्हणजे नळी रिकामी. धप्प वाजला तर आत ठासलेलं आहे. हे तिनेच शिकवलेलं. तरी उत्तर एकच. “तरी भरलेली.” मग माझ्या ताटात माशाची तुकडी पडायची. अशा रीतीने मी जगातला एकच मुलगा असेन ज्याने बांगडे खात खात श्रद्धा मिळवली. कारण मला ते खरंच वाटू लागलं होतं. बंदूक रिकामी असूच शकत नाही. ती आपोआप भरते, जशी रात्री विहीर भरते.

एका तिन्हीसांजेला आम्ही रताळ्याच्या शेतात मांगराच्या, म्हणजे राखणीच्या खोपटाच्या, ओट्यावर बसलो होतो. खरी बंदूक आक्काच्या मांडीवर, माझी माझ्या मांडीवर. एवढ्यात डुक्कर आलं. आमच्या मालवणच्या एसटीएवढं होतं, फक्त वेळेवर आलं होतं. समोर उभं राहून रताळी उकरू लागलं. मी तोंडाने श्वास घ्यायचं थांबवलं. आक्काने बंदूक उचलली, धरली, आणि धरून राहिली. मग खाली घेतली. डुकराने आमच्याकडे मान वळवून बघितलं, रताळं संपवलं आणि आपल्या वाटेने गेलं.

मी रडायच्या बेतात. “आक्का, समोर होतो मरे तो.”

“डुकर सगळ्यांका दिसता,” ती म्हणाली. “डुकराच्या मागे काय आसा ता बघ.”

मी बघितलं. मागे झाडी, झाडीत वाट. वाटेवर कोणी नव्हतं.

“कोण नाय थंय.”

“आता नाय. पण ती लोकांची वाट.” तिने घोडा हळूच उतरवला. “डुकर उद्या येतलो. माणूस येवचो नाय.”

दुसऱ्या दिवशी ते डुक्कर आलं, आणि तिने ते टिपलं, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की ती नुसतीच बोलायची. आठवडाभर सगळी वाडी आमच्या घराकडे वास घेत चालत होती.

पण आक्काचं वय वाढत होतं. तिच्या वयाच्या मुलींची मुलं माझ्या वर्गात होती. उंची आडवी यायची, रंग आडवा यायचा, आणि बंदूक तर चांगलीच आडवी यायची. आई कोणालाही बंदुकीचं कळू देत नसे. स्थळ विचारायला आलेल्या माणसाने छपराखाली टांगलेल्या डुकराच्या सुळ्यांकडे बघितलं की ती म्हणायची, “हेंच्या आजाचे.” शेवटी शिरोड्याचं एक स्थळ आलं. मुलगा टपाल खात्यात, घरी माडाची बाग, उंचीला आक्काहून बोटभर कमी पण त्याची हरकत नाही म्हणणारा. पत्रिका जमली. पावसाळा संपून आगबोटी सुरू झाल्या तशी पहिलीच बोट पकडून बाबा मुंबईहून आले. दसऱ्याच्या दिवशी पाहुणे येणार आणि शिरवाळे खाऊन सुपारी फोडणार, असं ठरलं. त्या सणावर आमचं सगळं घर टेकलं होतं. हे स्थळ गेलं तर दुसरं येणं कठीण, हे बाबा दर तासाला बोलून दाखवत आणि आई न बोलता.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. माजघरात पाटावर नांगराचा फाळ, कोयते, विळे आणि सगळ्यांच्या मधोमध बंदूक, झेंडूची माळ घातलेली, नळीवर हळदकुंकवाची बोटं. दसऱ्याला पाहुणे आले तेव्हा ती तशीच होती. मुलगा आला आणि त्याचे मामा आले. मामा पूर्वी कचेरीत होते; परक्या घरी गेले की कचेरीतलं मराठी बोलत. मुलगा लाजाळू. त्याने कोकम सरबताचा पेला उचलताना निम्मं आपल्या धोतरावर घेतलं. आक्का स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती. तिने पदर तोंडात धरला आणि हसली. आक्काला असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. केसांत अबोलीचा वळेसर होता. तिने मला खुणेने बोलावून विचारलं, “हसलंय ता तेंका आयकाक तर येवक नाय मां?” मी म्हटलं, “येवक नाय.” तेव्हा ती पुन्हा एकदा हसली.

शिरवाळे वाढले. तांदळाच्या शेवया आणि वर नारळाचा गोड रस. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करणं म्हणजे पाहुण्याशी केलेली मारामारी. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरायचा, यजमानाने हातावर वाढायचं. बाबांचा आग्रह तर मुंबईहून धार लावून आणलेला. मामा म्हणाले, “नको, नको, आता खरोखरच पुरे.” बाबा म्हणाले, “मामानू, ह्यां काय खाणां झाला? वायच घेवा.” मामांनी दोन्ही हात ताटावर ठेवले. मग बाबा उठले. उठले ते पाटाकडे गेले, माळेसकट बंदूक उचलली आणि मामांच्या छातीवर धरून म्हणाले, “आता घेतास, काय घालू बार?”

मामा खुशीत आले. हात वर करून म्हणाले, “शरण, शरण. वाढा.” मुलगा हसला, आई हसली, झेंडूची माळ नळीला झोके घेत होती. त्याहून छान सोयरीक जमू शकत नाही अशा घटकेला आक्का रसाचं भांडं घेऊन दारात आली.

“नळी खाली धर!”

तोच आवाज. टपालवाल्याला गडग्यापलीकडे पाठवणारा. शब्दही तेच, माझ्यासाठी घडवलेले, बापाला आणि पाहुण्यांना शोभतील असे करून घ्यायलासुद्धा ती थांबली नाही. कौलांवरचे कावळे उठले. मामांचे हात वर होते ते वरच राहिले.

बाबांना आधी कळेचना. “काय म्हटलंस?”

“नळी खाली धरा बाबा,” आक्का म्हणाली. आता आवाज खाली आला होता. “माणसावर धरलास.”

“गो, रिकामी आसा ती.”

“बंदूक रिकामी नसता.”

बाबांचं तोंड लाल झालं. पण ते मुंबईत राहिलेले. गोष्ट हसण्यावारी न्यायची कला त्यांना होती. ते पाहुण्यांकडे बघून हसले आणि माझ्याकडे वळले. मी कोपऱ्यात शिरवाळे खात होतो. “काय रे बाळग्या, तुझ्या मास्तरणीन तुका काय शिकवल्यान? सांग मामांका. बंदूक कशी आसता?”

मी उभा राहिलो. मी आक्काकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत नव्हती. ती नळीकडे बघत होती. मी शाळेत कविता म्हणतात तसं म्हटलं, “भरलेली.”

“आणि रिकामी आसली तर?”

“तरी भरलेली.”

माजघर फुटल्यासारखं झालं. मामांना ठसका लागला, मुलाने त्यांच्या पाठीवर थोपटलं. बाबांनी नळी कौलांकडे केली आणि म्हणाले, “मगे बघूया तुमची भरलेली.” त्यांनी घोडा मागे ओढला. त्या आवाजाने मला आक्काने शिकवलेलं सगळं एकदम आठवलं आणि मी ते सगळं एकदम केलं. जमिनीवर उताणा नव्हे, पालथा पडलो, कानांत बोटं घातली, डोळे मिटले, तोंड उघडं ठेवलं.

टक्.

सुपारी कातरावी तसा एक कोरडा आवाज. बस. मी डोळे उघडले तेव्हा माझं डोकं मामांच्या ताटाशी होतं आणि कानात शिरवाळ्याचा रस गेला होता. सगळे माझ्याकडे बघून हसत होते. बाबा सगळ्यांत मोठ्याने. मामा डोळे पुसत म्हणत होते, “काय हा मुलगा, काय हा मुलगा.”

इथपर्यंतची गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. लग्नांत सांगितली, बारशांत सांगितली, मुंबईच्या चाळीत गॅलरीत बसून सांगितली. दर वेळी त्यात थोडी भर घातली. एकदा तर मामांना मी खिडकीतून बाहेर पाठवलं होतं. आणि दर वेळी ‘टक्’ म्हणून थांबलो. लोक हसतात, चहा येतो. पुढचं कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मी काय सांगणार.

पुढचं असं की हसणं आधी मामांचं थांबलं. आक्काने रसाचं भांडं खाली ठेवलं, बाबांपुढे जाऊन हात पुढे केला. बाबांनी बंदूक दिली. तिने नळी जमिनीकडे धरून ती पाटावर परत ठेवली, माळ सरळ केली आणि आत गेली. मामांनी हात धुतले. पंच्याला हात पुसत ते कचेरीतल्या मराठीत म्हणाले, “मुलीचा आवाज लांबवर जातो.” मुलाच्या ताटात शिरवाळे तसेच होते. तो उठताना दाराकडे बघून घेत होता, पण दारात कोणी नव्हतं. सुपारी फोडली नाही. नंतर त्यांचा निरोप आला की पत्रिका जमत नाही.

बाबा आक्काला बोलले नाहीत, हेच त्यांचं बोलणं. परतीची बोट यायच्या आधीच ते मालवण बंदरावर जाऊन बसले आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत घरी जी पत्रं आली त्यांत सगळ्यांची नावं असत, तिचं नसे. आईने अबोलीची रोपं उपटली, कशावर तरी राग काढायचा म्हणून. आणि मी? शाळेत माझं नाव ‘भरलेली’ पडलं. मास्तरसुद्धा हजेरी घेताना माझ्या नावापाशी अडखळून हसायचे. मला आक्काची लाज वाटू लागली. तिने मला खोटं शिकवलं, असं मी धरून बसलो. बंदूक रिकामी होती. सगळ्या जगाने ऐकलं. आणि माझ्या बहिणीला तेवढंही कळत नव्हतं. मी दांडा खाडीत फेकून दिला. भरतीने तो परत आणला, मग ओहोटीला पुन्हा फेकला.

दुसऱ्या दिवशी पडवीत दाराला टेकून नवा दांडा उभा होता. तासलेला, चापाच्या जागी खूण केलेला. मी तो ओलांडून शाळेत गेलो. तो तिथेच राहिला. कोणी पाय लागून पाडला की आक्का तो परत उभा करायची.

पुढे आणखी एक स्थळ येऊ घातलं होतं. विहिरीवर मी पाणी प्यायला गेलो तेव्हा त्यांच्या नात्यातली एक बाई शेजारणीला विचारत होती, “बापाशीवर वरडली तीच मां गो?” शेजारीण म्हणाली, “तीच.” मी माडाआड झालो. मला हाक मारून कोणी ‘हेचीच भैण’ म्हणेल, याचीच मला भीती. तिथून घरी आलो तो आक्का अंगणात भात वाळत घालत होती, उन्हात, कोंबड्यांशी भांडत. मला बघून तिने हनुवटीने विचारलं, काय? मी म्हटलं, काय नाय. पडवीत गेलो आणि दांडा उचलला. नळी खाली धरून.

तिने बघितलं, आणि भात पसरत म्हणाली, “आजपासून नवीन वर्ष.”

ते वर्ष पुरं झालं. खरी बंदूक हातात आली. ती माझ्या मागे उभी राहायची आणि मी जनावराकडे बघत असताना ती जनावराच्या मागे बघायची. मी कधी वाघ मारला नाही. माझ्या हातून कधी कोणा माणसाला बारही लागला नाही, आणि आमच्या भागात ठासणीच्या बंदुकांनी काय काय झालं ते ज्यांना माहीत आहे त्यांना या वाक्यात मी भर घातलेली नाही हे कळेल.

आक्काचं लग्न शेवटी झालं. आत नांदगावच्या बाजूला, बिजवराशी. पदरात दोन मुलं, भाताची शेती आणि काजू. पाहायला कोणी आलं नाही, शिरवाळे झाले नाहीत. ती गेली आणि आमच्या वाडीत लोक पुन्हा मोकळ्या हाताने छत्र्या फिरवू लागले. मी मुंबईला गेलो, बाबांच्याच गोदीत लागलो. कधी गावी आलो तर नांदगावला उतरून तिच्याकडे जायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा काजूच्या बागेतून दोन पोरं येताना दिसली. सावत्रच, पण चाल आक्काची. दोघांच्या हातांत दांडे होते. कुंपणाशी आल्यावर दोघांनी दांडे आधी पलीकडे निजवले, तोंड बाहेरच्या बाजूला, मग स्वतः आली. मला बघून थोरल्याने हनुवटीने घर दाखवलं. तिथे हसू आलं नाही मला.

गेल्या वर्षी आक्का गेली. सरणावर ठेवताना तिचे हात अंगाशी सरळ होते, बोटं खाली.

तिला मी एकदा विचारलं होतं. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही खाडीच्या काठावर बसून बंदूक साफ करत होतो. आक्का ती माझ्या ताब्यात देऊन जाणार होती. मांडव घालणाऱ्यांचे हातोडे ऐकू येत होते. शिरोड्याचा तो मुलगा, त्याचं सांडलेलं सरबत, दारामागचं तिचं हसू, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, पण विचारलं ते भलतंच. म्हटलं, “आक्का, त्या दसऱ्याक ती भरलेली आसा, असां तुका खरांच वाटलेला?”

आक्काने गज पुसून बाजूला ठेवला.

“नाय,” ती म्हणाली. “आदल्या दिवशी मीच रिकामी केलेलंय.”